अण्णांना किती धरायचं?

…आणि वर घरचे मलाच म्हणतात, ‘तुम्हाला साधा एक आकडा ठरवता येत नाही!’ अहो, येत नाही म्हणजे काय? दुकानात काचा किती मागवायच्या ते मी ठरवतो, जागेच्या मालकानं भाडं वाढवून मागितलं की कितीवर अडून बसायचं ते मी ठरवतो, घरात रंग लावायचा तर डबे किती लागतील तेही मीच ठरवतो… दोन डबे उरले, ती गोष्ट वेगळी. पण हे सुट्टीचे पॉइंट! हे किती घ्यायचे ते कोणाच्या बापाला ठरवता आलंय का, मला सांगा. आता बापाचं नाव निघालंच आहे, तर त्याच्यावर येतोच मी. पण आधी पॉइंट.

हे पॉइंट म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, कारण ते समजायला माझी एक अख्खी दुपार गेली, तुमची जाऊ नये. आपण काय करतो? सुट्टी आली, चार कपडे भरले, गेलो, खोली घेतली, पैसे मोजले, राहिलो, भांडलो, आलो. बरोबर? चूक! असं करणारी माणसं अडाणी. शहाणी माणसं काय करतात, तर पुढच्या पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या आजच घेऊन टाकतात. बरं, सुट्टी म्हणजे सुट्टी नाही घ्यायची, खोलीही नाही घ्यायची, पॉइंट घ्यायचे. दरवर्षी तेवढे पॉइंट तुमच्या नावावर पडणार, आणि ते देऊन तुम्ही पॉइंट विकणाऱ्या कंपनीच्या हॉटेलांत राहणार. खोली मोठी, जास्त पॉइंट. महिना गर्दीचा, जास्त पॉइंट. खिडकीतून समुद्र दिसतो, आणखी जास्त. म्हणजे समुद्र देवानं केला, आणि तो बघायचे पॉइंट यांना! तेव्हा आधी बसून ठरवायचं, की आपल्याला दरवर्षी लागणार किती. साधा प्रश्न होता हो… किती?

हे सगळं लचांड मागे लावलं आमच्या मेहुण्यानं, म्हणजे हिच्या धाकट्या भावानं. त्यानं आदल्या वर्षी पॉइंट घेतले होते, आणि आपण पाण्यात पडलो की काठावरच्याला ‘ये रे, पाणी छान आहे’ म्हणून हाक मारायची, असा त्याचा स्वभाव. आमचं नाव कंपनीला दिल्याबद्दल त्याला चाकांची मोठी बॅग मिळाली. ती बॅग घेऊन तो अजून कुठे गेलेला नाही, कारण त्याला हवी तेव्हा खोली मिळत नाही; पण बॅग चांगली आहे, असं तो स्वतः सांगतो.

मग एके दिवशी दुकानात फोन. एक बाई. आवाज इतका गोड, की मला वाटलं चुकून लागला. म्हणाल्या, “अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.” आता मला आयुष्यात कधी कोणी कशासाठी निवडलेलं नाही. शाळेत खेळाच्या दिवशीसुद्धा मला टाळ्या वाजवायला बसवायचे, आणि त्यातही मागच्या ओळीत. तेव्हा मी जरा विरघळलो, हे कबूल करतो. बाई म्हणाल्या, एक दुपार यायचं, चहापाणी आमचं, फक्त सगळं कुटुंब हवं… विशेषतः घरातले ज्येष्ठ.

तुम्ही म्हणाल, एवढा दुकानदार माणूस, गेलास कशाला? सांगतो. मी गेलो अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. जन्मभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते, स्टोअरकीपर. नट घ्या, बोल्ट घ्या, ग्रीसचा डबा घ्या, अण्णांच्या सहीशिवाय बाहेर पडायचा नाही, आणि लागेल त्याच्यापेक्षा एक वॉशर जास्त आत यायचा नाही. मागवलेला माल खपला पाहिजे, पडून राहिला की गंजतो, हा त्यांचा धर्म. घरातही तेच. आम्ही भावंडं साबणाची वडी संपल्यावर जुना तुकडा दाखवून नवी घ्यायचो.

आणि आमची आई गेल्यापासून या माणसानं काय करावं? स्वतःचंच स्टोअर बंद करायला काढलं! स्वेटर वाटून टाकले. शर्ट तीन ठेवले. नवा घेऊ म्हटलं की, ‘कशाला, आहेत ते पुरतील.’ रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या तर म्हणे पाकीट नको, एकच पट्टी आण, उरल्या तर वाया. आता गोळ्या उरतात कधी, तर खाणाराच उरला नाही की… हे ते बोलून दाखवत नाहीत, आपण समजून घ्यायचं. दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत बसून. ‘अण्णा, जरा खाली पाय मोकळे करायला चला’ म्हटलं, तर ‘कुठे जायचंय मला?’ तुम्हाला सांगतो, ते ऐकून ऐकून माझा जीव मेटाकुटीला आला होता. वाटलं, याच निमित्तानं त्या खुर्चीतून उठतील, कुठे समुद्र बघतील, वारा खातील. एवढ्यासाठी गेलो मी. बाकी मला समुद्राचं काय? मला पाण्यात उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात.

तर आम्ही गेलो. मी, ही, आमची लेक नोकरीच्या गावाहून दोन दिवस आली होती ती, आणि अण्णा. मोठ्या हॉटेलच्या तळघरातला हॉल. इतका गार, की हिनं पदर डोक्यावरून घेतला. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची वाटी, भिंतीवर समुद्राचे फोटो, आणि दाराशी टांगलेली पितळी घंटा. घंटा कशाला? तर कोणी पॉइंट घेतले की घंटा वाजणार, आणि सगळ्या टेबलांवरचे विक्रीवाले उठून टाळ्या वाजवणार. आपला हिशेब चाललेला असतो, आणि मागे ठण्णकन घंटा! टाळ्या! दचकून माझा दोनदा आकडा चुकला.

आमच्या वाट्याला आला एक तरुण. टाय, हातात टॅब्लेट, दात असे पांढरे की माझ्यासारख्या चष्मेवाल्याला उजेडाचा त्रास व्हावा. त्याला आपण पॉइंटवाला म्हणू. पहिली दहा मिनिटं मला ‘सर’ म्हणाला. मग आपुलकी वाढली, मी ‘काका’ झालो. ठीक आहे. पण हिला म्हणतो ‘ताई’! म्हणजे मी काका आणि माझी बायको ताई… म्हणजे त्याच्या हिशेबानं ही माझी कोण झाली? आणि ही अशी खूश, की मी टेबलाखालून पाय मारला तरी कळलं नाही.

पॉइंटवाला म्हणाला, “काका, घाई नाही. फक्त सांगा, किती?”

आता माझा धंदा ऐका. माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर मी माणसांना खुर्चीत बसवतो, डोळ्यापुढे एक काच धरतो, मग दुसरी धरतो, आणि विचारतो, हे स्पष्ट की हे? झालं! दोनातलं एक सांगायचं. त्यातही लोक म्हणतात, ‘पुन्हा दाखवा.’ आणि इथे मला विचारतात, किती! शून्यापासून वर कितीही! कशाशी ताडून बघू मी? मी म्हटलं, बाबा रे, तू दोन आकडे समोर ठेव, मी एकावर बोट ठेवतो. तर म्हणतो, “तसं नसतं काका, हे तुमच्या स्वप्नांवर अवलंबून आहे.” मला गेल्या कित्येक वर्षांत एकच स्वप्न पडतं, दुकानाची किल्ली हरवल्याचं. त्याला किती पॉइंट लागतात?

मग त्यानं पोटप्रश्न काढले. वर्षाला किती दिवस? ही म्हणाली पंधरा. मी म्हटलं चार. पंधरा दिवस दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक आंधळं होईल हो! ही म्हणाली, तुमचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल, आंधळं कशाला होतंय. पॉइंटवाला म्हणाला, आठ लिहितो. कोणता महिना? आता ही शाळेत शिकवते. म्हणजे सुट्टी कधी, तर जगातल्या सगळ्या शाळांना असते तेव्हा, म्हणजे ऐन गर्दीत, म्हणजे दुप्पट पॉइंट. मी म्हटलं, तू आजारी पडून रजा घे ना रिकाम्या महिन्यात. त्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, की पॉइंटवाल्यानं न विचारता ‘गर्दीचा हंगाम’ लिहून टाकलं.

मग लेक. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, मला धरू नका. माझं काही नक्की नसतं.” बरं, नाही धरत. “पण धरलंत तर मला खोली वेगळी हवी.” आता याला काय म्हणायचं? न धरलेल्या माणसाला वेगळी खोली! पॉइंटवाला हुशार. म्हणाला, ताईचं पुढे लग्न होईल, मुलं होतील… माझ्या लेकीलाही ताईच म्हणतो हो, घरात सगळ्या ताईच! तर म्हणाला, पंचवीस वर्षांचा विचार करायचा काका, आणि टक टक टक टक बोटानं दोन नातवंडं लिहिली. जावयाचा अजून पत्ता नाही, आणि त्याला समुद्राकडच्या बाजूचा पलंग मिळाला. लेक तेव्हा मात्र मान वर काढून म्हणाली, दोन कशाला? मी म्हटलं, बाई, तू आता मध्ये पडू नकोस, निदान तो आकडा तरी ठरू दे.

एवढं होईपर्यंत अण्णा गप्प. वाटीतली एक गोळी घेतली होती, ती कागदासकट मुठीत धरून बसले होते. चहा अर्धाच घेतला, कारण अर्धाच हवा होता, उरलेला मला दिला.

आणि मग पॉइंटवाल्यानं विचारलं, “आजोबांना किती वर्षं धरायची?”

नाही, त्याचा दोष नाही. तुम्हाला सांगतो, त्याचा अजिबात दोष नाही, त्याच्या टॅब्लेटमध्ये तसा रकाना होता. म्हणाला, काका, नियम असा आहे, की आजोबा असतील तोपर्यंत तुम्हाला एक खोली जास्त लागणार, ती खालच्या मजल्यावरची, म्हणजे पॉइंट जास्त. ते वर्षावर घ्यायचे. पुढे वाढवायचे असतील तर वाढवता येतात… कमी करता येत नाहीत. तेव्हा लोक साधारण अंदाजानं धरतात.

अंदाजानं! हिनं लगेच भिंतीवरच्या समुद्राकडे बघायला सुरुवात केली. लेक मोबाइलमध्ये, पण मोबाइल बंद पडलेला, मला काळा पडदा दिसत होता. मी वाटीतल्या गोळ्या मोजायला लागलो. साधा प्रश्न होता हो… किती? आणि चौघांतल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटेना.

फुटला तो अण्णांच्या. अगदी शांतपणे, जसं स्टोअरच्या खिडकीशी येऊन कोणी बोल्ट मागितले असावेत, तसे म्हणाले, “दोन धर.”

पॉइंटवाला म्हणाला, दोन फार कमी होतात आजोबा, निदान सात धरू. अण्णा म्हणाले, सात? सातचं काय करू? उरली तर परत घेता का? तो म्हणाला, परत घेत नाही. मग दोनच. तो म्हणाला, पाच. तुमची तब्येत किती छान आहे, तुम्ही तर आमच्या काकांपेक्षा ताठ बसता. अण्णा म्हणाले, माल बाहेरून चांगला दिसतो रे, आतून मला माहीत आहे. तो म्हणाला, बरं, चार. अण्णा म्हणाले, अडीच होतात का? तो म्हणाला, अर्धं वर्ष नसतं आजोबा. शेवटी म्हणतो, तुमचं नको, माझं नको… तीन!

माझ्या डोळ्यांदेखत! माझ्या बापाच्या वर्षांचा बाजार चाललाय, विकणारा वर ओढतोय आणि ज्याची वर्षं आहेत तो खाली ओढतोय! आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही! अण्णांना तर उलट तरतरी आली होती, कित्येक महिन्यांनी कोणाशी तरी कामाचं बोलायला मिळालं म्हणून. मला मात्र आठवत होतं, आई गेली त्या दिवशी अण्णा मला म्हणाले होते, ‘ती माझ्यामागे राहील, या अंदाजानं चाललो होतो रे.’ बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. आणि आता हे दोन, अडीच, तीन. रडू येत होतं मला, खोटं कशाला बोलू? पन्नाशी उलटलेला माणूस, गार हॉलमध्ये, गोळ्यांची वाटी पुढ्यात, आणि रडू येतंय.

पॉइंटवाला माझ्याकडे वळला. म्हणाला, “काका, सही तुमची आहे. तुम्ही सांगा. किती?”

मी म्हणालो, “पंचवीस.”

त्यानं विचारलं, एकूण ना? मी म्हटलं, अण्णांना. तो म्हणाला, काका, म्हणजे आजोबा तेव्हा… आणि त्यानं बोटं मोजली, आणि मग आपण काय मोजतोय ते कळून थांबला. मी म्हटलं, एकशे सात. येते मला बेरीज. लिही. त्यानं लिहिलं. आणि मागे ठण्णकन घंटा! टाळ्या! सगळा हॉल उभा! कोणीतरी अण्णांच्या हातात फुगा दिला.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत हिनं बेरीज केली. दर महिन्याचा हप्ता किती, तो कुठून, दुकानातलं डोळे तपासायचं नवं मशीन आता कधी, सगळं. बोलून बोलून दमली आणि मग भांडी पुसता पुसता म्हणाली, “तुम्ही तीन म्हणाला असतात ना, तर मी तुमच्याशी बोलले नसते.” मला बरं वाटलं. जरा छाती फुगली. लगेच म्हणाली, “आणि पंचवीस म्हणालात, म्हणून आता दर हप्त्याला बोलणार आहे.” बोलते. शब्दाची पक्की आहे. अजून एकही हप्ता चुकवलेला नाही, ना भरायचा, ना बोलायचा.

पण ते सोडा. मला वाटलं होतं, अण्णांना काहीतरी वाटेल. मुलानं आपल्याला पंचवीस वर्षं धरली! दुसऱ्या एखाद्या बापानं पाठीवरून हात फिरवला असता की नाही? सांगा ना! अहो, हात कसला! हा माणूस संतापला! म्हणाले, मागणी कोणी नोंदवली? स्टोअरकीपर समोर बसलेला असताना परस्पर माल मागवलास? दोनची गरज आणि पंचवीस उचलतोस? माझ्या खात्यात असतास तर तुला मेमो दिला असता. आणि बोलणंच टाकलं माझ्याशी. जेवताना मीठ हवं असलं तरी हिच्याकडून मागायचे, आणि ते असायचं माझ्या ताटाशेजारी.

मग एक दिवस त्यांनी स्वतः पॉइंटवाल्याला फोन लावला. मला वाटलं, आता त्याला झाडणार. तर नाही. शांतपणे तीन गोष्टी विचारल्या. माझ्या वाटणीचे पॉइंट दुसऱ्याला देता येतात का? नाही येत. पैसे परत? नाही. आणि वापरलेच नाहीत तर? तर वाया जातात आजोबा. अण्णांनी फोन ठेवला. खिडकीबाहेर बघत बसले. मध्येच एकदा स्वतःशीच म्हणाले, “वाया?” जसं काही कोणीतरी शिवी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठतो, तर खुर्ची रिकामी. दार उघडं. अनवाणी बाहेर आलो, तर जिन्यात कोणीतरी धापा टाकतंय. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बघतो तर अण्णा, कठडा धरून, एकेक पायरी, वर येतायत. म्हटलं, अण्णा, काय चाललंय हे? तर खाली गेले होते, आता वर, मग परत खाली. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, “समुद्राकडच्या हॉटेलात जिने आहेत. खालची खोली दरवेळी मिळतेच असं नाही, म्हणाला तो. एकशे सातव्या वर्षी चढायचे तर सवय आत्तापासून हवी.” मला वाटलं, थट्टा करतायत. नाही हो! अण्णा आणि थट्टा? कोणीतरी जास्तीचा माल उचललाय, तो आता खपवायला हवा, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न.

आणि मग जे सुरू झालं! गुडघ्यासाठी मालीशवाली बाई लावली. दातांच्या डॉक्टरकडे गेले, म्हणाले कवळी दीर्घ मुदतीची बसवा. गोड बंद. तळलेलं बंद. त्यांचं बंद म्हणजे घरात बंद, कारण घरात आणलं तर खपवावं लागतं, ना! मी बिस्किटाचा पुडा दुकानात लपवून खातो, गिऱ्हाईक समोर काच बघत असतं तेव्हा. सकाळी फिरणं, संध्याकाळी फिरणं. खालच्या मजल्यावरचा निवृत्त ड्रायव्हर साठीचा आहे, तो पहिले काही दिवस त्यांच्याबरोबर जायचा. आता अण्णा बोलवायला आले की आतून आवाज येतो, घरात नाही म्हणून सांग. मी म्हटलं होतं, ते खुर्चीतून उठू देत. उठले! आता बसतच नाहीत! आणि मला सांगतात, हप्ता भरलास का? उशीर करू नकोस, आपण आपल्या बाजूनं चोख राहायचं.

बरं, गेलो का आम्ही कुठे? नाही! खोली मिळत नाही! गर्दीचा हंगाम, महिने महिने आधी सांगावं लागतं. पण अण्णांना घाई नाही. म्हणतात, चोवीस-पंचवीस वर्षं हातात आहेत, मिळेल. एकदा मी लेकीला फोनवर सांगत होतो, काय सांगू तुला, आजोबांनी आमचा छळ मांडलाय… तर पलीकडून ही पोरगी रडते. म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, काही नाही बाबा, ते सुट्टीत मला धरा. आणि खोली वेगळी नको, मी आजोबांच्या खोलीत झोपेन. घ्या! म्हणजे एक खोली कमी लागली असती, आणि पॉइंट आता कमी होत नाहीत! हिला हे हॉलमध्ये सुचायला काय झालं होतं?

तर परवाची गोष्ट. रात्री दुकान बंद करून मी घरी आलो. तीन जिने. तुम्हाला सांगतो, ते जिने पूर्वी एवढे नव्हते. आलो तो सोफ्यावर पडलो, शर्टाची वरची दोन बटणं सोडली, पाय स्टुलावर. अण्णा आत्ताच फिरून आलेले, ताजेतवाने, पॉइंटवाल्याशी फोनवर बोलतायत. फोन स्पीकरवर, कारण कानाचं मशीन घ्यायचं बाकी आहे, ते पुढच्या महिन्यात घेणार आहेत… चांगल्यातलं, टिकाऊ. खोलीची चौकशी झाली. नेहमीप्रमाणे नाही. मग अण्णा म्हणाले, “एक विचारायचं राहिलं. आमच्या मुलाची किती वर्षं धरलीत?”

तो म्हणाला, “काकांची? काकांची पूर्ण पंचवीस, आजोबा. ते तर घेणारेच आहेत.”

अण्णांनी चष्मा पुसला. परत घातला. माझ्याकडे बघितलं… डोक्यापासून सुरुवात केली, पोटापाशी बराच वेळ थांबले, मग स्टुलावरच्या पायांपर्यंत गेले. चाळीस वर्षं त्यांनी आत येणारा माल असाच बघितलाय. आणि फोनमध्ये, अगदी काळजीनं, म्हणाले, “जास्त धरलीत. कमी होतात का?”

तो म्हणाला, नियम आहे आजोबा, कमी होत नाहीत. आतून ही म्हणाली, विचारून तर बघा, हप्ता तरी उतरेल. अण्णांनी फोन ठेवला, उसासा टाकला, आणि मला म्हणाले, उद्यापासून पहाटे माझ्याबरोबर चल. तू टिकला नाहीस, तर मला समुद्रावर नेणार कोण?

आणि मी, तुम्हाला सांगतो, यावर एक शब्द बोललो नाही. खूप होतं हो मनात! सगळं ओठांवर आलं होतं. पण बोलणार कसा? नुकताच तीन जिने चढून आलो होतो, बोलायला दम कुठे होता?